खंय आसा ता, आधी सांग

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातात दातांच्या फटी साफ करायचा एक बारीक ब्रश दिला आणि म्हणाले, "नाकात घाल."

मी इंटरव्ह्यूला गेले होते. इस्त्रीचा ड्रेस, फाइल, गुणपत्रिकांच्या तीन-तीन झेरॉक्स. अंधेरीतल्या त्या कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची लॅब होती आणि तिथे पीएचडीसाठी एक जागा निघाली होती. मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय.

"नाकात?"

"मग कानात? घाल, फिरव, बाहेर काढ. शिंक आली तर येऊ दे, फक्त ब्रशवर नको."

शिंक आली, आणि ब्रशवरच आली. सरांनी दुसरा ब्रश दिला. मी तो फिरवून परत दिला, तो त्यांनी एका थेंबात खळबळला, थेंब काचपट्टीवर ठेवला, मायक्रोस्कोप लावला आणि बाजूला झाले. मी डोळा लावला. पेशींचा एक छोटा पुंजका होता आणि त्याच्या एका कडेला झालरीसारखं काहीतरी सळसळत होतं. इतकं भराभर, की एकेक केस वेगळा दिसतच नव्हता.

"हे कुणाचं?" सरांनी विचारलं.

"माझं."

"हां. आता बोलूया."

गुणपत्रिका त्यांनी त्या दिवशी पाहिल्या नाहीत आणि नंतरही कधी पाहिल्या नाहीत. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला नाकात ब्रश घालून स्वतःच्या पेशी पाहायला लागायच्या. वर्षभर दुसऱ्याच्या शरीराबद्दल बोलायचं, तर आधी स्वतःचं बघा, असं त्यांचं म्हणणं.

त्या झालरीला म्हणतात सिलिया. शाळेच्या पुस्तकात 'पक्ष्माभिका' असा शब्द आहे. सर म्हणायचे, तो शब्द तोंडातून पुरता बाहेर पडेपर्यंत त्या दहा वेळा हलून मोकळ्या होतात. नाकात, छातीत, कानाच्या आत हे केस सतत वल्ही मारत असतात आणि कफ, धूळ, जंतू बाहेर ढकलतात. काही जणांमध्ये ते जन्मतःच हलत नाहीत. कारण ज्या प्रोटीनांमुळे ते हलतात त्यांतलं एखादं तयारच होत नाही, किंवा तयार होऊन पेशीत भलतीकडेच पडून राहतं. आमचं काम एवढंच, की आजाराशी संबंध असलेलं प्रोटीन पेशीत नेमकं कुठे बसतं ते शोधायचं.

सर मालवणकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घर लालबागहून बोरिवलीला आलं. वर्गात त्यांची मराठी छापील, मीटिंगमध्ये इंग्रजी, आणि मनापासून काही हवं असलं की मालवणी. आम्ही उत्साहाने सांगायला जायचो की सर, हे प्रोटीन बहुतेक अमुक काम करतं, यामुळे तमुक होत असणार. ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "ता ऱ्हवांदे. खंय आसा ता, आधी सांग." ते राहू दे. कुठे आहे, ते आधी सांग.

'का' हा प्रश्न लॅबमध्ये फक्त शुक्रवारी विचारायला परवानगी होती. सोमवार ते गुरुवार काय दिसलं आणि कुठे दिसलं, एवढंच. एकदा बुधवारी माझ्या तोंडून 'का' निघालं तर त्यांनी खरोखर हात वर करून मला थांबवलं, रस्त्यावरचा पोलीस थांबवतो तसं.

फोटो पाहून 'सुंदर' म्हणालं तर सगळ्यांसाठी चहा करायची शिक्षा. "सुंदर म्हटलंस की डोळो मिटलो तुझो," ते म्हणायचे. मी पहिल्या वर्षी इतका चहा केला की आईला वाटलं मी कँटीनमध्ये लागलेय.

आणि काचपट्ट्यांना माशांची नावं. बघणाऱ्याला कुठली पट्टी कुणाची हे कळता कामा नये, नाहीतर मनात असेल तेच दिसतं. म्हणून सर त्यांच्यावर सुरमई, बांगडा, मांदेली असं लिहायचे आणि कुठला मासा म्हणजे कोण, ते एका डायरीत टिपून डायरी खिशात ठेवायचे. आमच्या लॅबमध्ये कुणी बाहेरचा आला आणि "बांगड्यात हिरवं कमी आहे, मांदेली ठीक आहे" हे ऐकलं, तर तो चेहऱ्यांकडे बघत उभा राहायचा.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या की घरीही हेच. "चष्मा कुठे ठेवलात असं विचारलं तर शोधत नाहीत गं. म्हणतात, मी शेवटचा कुठे पाहिला तेवढंच सांगू शकतो, आता कुठे आहे ते मला माहीत नाही. अर्धा तास चष्म्याशिवाय बसतील, पण 'असेल टेबलावर' असं म्हणणार नाहीत."

सरांचं नाव झालं होतं ते एका शोधनिबंधावर. मी यायच्या बरीच वर्षं आधीचा. सिलियाच्या आजाराशी जोडलेलं एक प्रोटीन केसाच्या मुळाशी बसतं, असं त्यांनी दाखवलं होतं. काळ्या पार्श्वभूमीवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या बुंध्याशी हिरवा ठिपका. तो फोटो मोठा करून, फ्रेम करून, विभागाच्या व्हरांड्यात लावलेला होता. बाहेरचे लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून घ्यायचे. माझा अख्खा प्रबंध त्या हिरव्या ठिपक्यावर उभा होता. मुळाशी बसून ते प्रोटीन काय करतं, कुणाला धरून ठेवतं, वगैरे. तीन प्रकरणं लिहून झाली होती. परदेशातल्या एका लॅबमध्ये पुढची जागा जवळजवळ पक्की होती. सरांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

तेव्हा करिश्मा आली.

घाटकोपरच्या एका छातीच्या डॉक्टरांनी तिला पाठवलं होतं. ते सरांचे जुने विद्यार्थी. करिश्मा एकोणीस वर्षांची, आईबरोबर आली होती. आई बॅगा शिवण्याच्या कारखान्यात कामाला. राहायला माहुल, रिफायनऱ्यांच्या शेजारी. करिश्माला जन्मापासून खोकला. दोन वेळा टीबीचं औषध पुरं घेऊन झालं होतं, थुंकीत एकदाही टीबी सापडला नव्हता. माहुलला राहतो म्हटलं की पुढचं कुणी ऐकतच नसे, आई म्हणाली. हवेचं आहे, म्हणायचे, आणि औषध लिहून द्यायचे.

"पण मला माहुलला यायच्या आधीपासून आहे ना," करिश्मा म्हणाली. "तिकडे तर आम्ही मी चौथीत असताना गेलो."

ती पोलीस भरतीची तयारी करत होती. पळताना दम लागायचा आणि मैदानावरच्या मुली बाजूला सरकायच्या. कोविडनंतर खोकणाऱ्या माणसाकडे लोक कसं बघतात ते तिने आम्हाला नक्कल करून दाखवलं. एका दुकानातली नोकरी दोन आठवड्यांत गेली होती. आत्याने लग्नाचं एक स्थळ आणलं होतं, तेही खोकल्यावरून फिरलं.

"सर, मला बरं करा असं मी म्हणत नाय," ती म्हणाली. "माझं कुणाला लागत नाही, एवढं फक्त लिहून द्या."

"मी लिहून दिलेलं चालणार नाही," सर म्हणाले. "मी डॉक्टर नाही. मी बघीन, जे दिसेल ते तुझ्या डॉक्टरांना सांगीन. ते लिहितील."

डॉक्टरांनी तिची जनुकीय तपासणी करून घेतली होती. रिपोर्टमध्ये नेमकं आमच्याच प्रोटीनच्या जनुकात एक बदल सापडला होता, आई आणि वडील दोघांकडून आलेला. पण तो बदल आधी कुणात पाहिलेला नव्हता, म्हणून पुढे लिहिलं होतं, अर्थ अनिश्चित. आता ते प्रोटीन तिच्या पेशीत आहे की नाही, असलं तर कुठे आहे, हे बघितल्याशिवाय गाडी पुढे जाणार नव्हती. अशा लोकांपैकी निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं, त्यावरून पटकन ओळखतात. करिश्माचं डावीकडेच होतं, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सरांनी आधी आईच्या नाकातल्या पेशी घेतल्या, मग तिच्या. करिश्माला बघायचं होतं. सरांनी तिला स्टुलावर बसवलं. आधी आईची पट्टी.

"अय्या, आई! तुझ्या नाकात शेत आहे."

मग तिची स्वतःची. ती बराच वेळ डोळा लावून बसली. केस सगळे होते, छान लांब, सरळ. पण हलत नव्हते. मधूनच एखादा थरथरायचा, बास.

"हे मेलेत का?"

"नाही गो. पेशी जिवंत आसत. केस हलत नाय इतक्याच." सरांना आपण मालवणीत बोललो हे कळलंही नव्हतं.

सर्दीमुळेही कधी असं होतं, म्हणून त्यांनी तिला महिन्याने परत बोलावलं. पुन्हा तेच. केस स्तब्ध.

मग माझं काम. आमच्याकडे एक अँटिबॉडी होती, म्हणजे त्या एका प्रोटीनला ओळखून चिकटणारा रेणू. त्याला हिरवा रंग जोडलेला असतो. प्रोटीन जिथे, तिथे हिरवं. सरांनी तीन पट्ट्यांना तीन मासे दिले. मी दिवसभर कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर बसून तिन्ही पाहिल्या. सुरमई, बांगडा, मांदेली, तिन्हीत केसांच्या मुळाशी नीटनेटके हिरवे ठिपके. मी तसं वहीत लिहिलं आणि सरांना दिलं.

त्यांनी खिशातून डायरी काढली. सुरमई ते स्वतः. बांगडा आई. मांदेली करिश्मा.

"म्हणजे तिच्यात प्रोटीन आहे, आणि जागेवर आहे," मी म्हणाले. "मग जनुकातला बदल निरुपद्रवी. तिचं दुसरंच काहीतरी असणार, सर. डॉक्टरांना तसं कळवू?"

वहीतलं माझं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "केस हलत नव्हते. ते तू पाहिलंस ना?"

"हो."

"दोन वेळा?"

"हो सर."

"आणि जनुकातला बदल असा आहे, की प्रोटीन अर्ध्यावरच तुटायला हवं. तुटलेलं प्रोटीन पेशी ठेवत नाही. तर मग हे हिरवं कोण आहे?"

बुधवार होता. 'सर, आज शुक्रवार नाही' असं म्हणून मला ते हसण्यावारी न्यायचं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून जीभ उचलली नाही.

आमची अँटिबॉडी भलत्याच कुणाला तरी चिकटत असेल, तर सगळ्यांतच ठिपके दिसणार होते, ज्याच्यात ते प्रोटीन मुळीच नाही त्याच्यातसुद्धा. हे तपासायला असा माणूस लागतो. सरांनी निबंध लिहिला तेव्हा असा माणूस त्यांच्याकडे नव्हता. तो आता माहुलहून बसने आला होता.

आमचं भांडण झालं. माझंच झालं, ते शांत होते. मी म्हणाले, प्रबंध द्यायला सहा आठवडे आहेत. मी म्हणाले, हे माझ्यानंतर कुणीतरी करील. शेवटी मी असंही म्हणाले, आणि ते आठवलं की आजही कान गरम होतात, की डॉक्टरांना 'निष्कर्ष काढता येत नाही' असं कळवूया, ते खोटंही नाही.

"ठीक आहे," सर म्हणाले. "मग तू माहुलला जा आणि तिला तसं सांग. पत्ता देतो."

मी जिन्यात जाऊन रडले. त्यानंतर आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो. सकाळी ते नेहमीसारखं "काय गो, खाल्लंस काय?" विचारायचे, मी "हो" म्हणायचे आणि वळायचे.

त्याच प्रोटीनच्या दुसऱ्या टोकाला चिकटणारी एक वेगळी अँटिबॉडी परदेशातल्या एका लॅबने बनवली होती. सरांनी पत्र लिहिलं. त्या लॅबने बर्फात घालून पाठवली आणि ती सहार विमानतळाच्या कार्गोत अडकली, कारण आमच्याच कागदावर एक सही राहिली होती. सर थर्माकोलचा मासळीचा खोका घेऊन स्वतः तिथे गेले. चार तास बसले. बर्फ वितळायला लागला तेव्हा शेजारच्या हॉटेलातून बर्फ मागून आणला. येताना रिक्षावाल्याने विचारलं म्हणे, "अंकल, पापलेट है क्या?"

या वेळी त्यांनी डायरी स्वतःकडे ठेवली नाही. पट्ट्यांना नावं घाटकोपरच्या डॉक्टरांनी दिली. "मलाही कळता नये," सर म्हणाले. "माझ्या मनात आता काय आहे, ते मला माहीत आहे."

आम्ही दोघं शेजारी बसलो. पहिली पट्टी, हलवा. केस मुळापासून टोकापर्यंत हिरवे, जसे कुणी रंगवून ठेवलेत. मुळाशी ठिपका नाही. दुसरी, रावस. तसंच. तिसरी, पापलेट. लाल केस होते. हिरवं कुठेच नाही. मी आवाज वाढवावा तसा प्रकाश वाढवत गेले, तरी काळोखच.

सरांनी डॉक्टरांना फोन लावला. "पापलेट कोण?"

"करिश्मा, सर."

सरांनी फोन ठेवला. बावीस-तेवीस वर्षं ज्याला ते प्रोटीन म्हणत आले होते, तो ठिपका दुसऱ्याच कुणाचातरी होता. खरं प्रोटीन मुळाशी नव्हतंच, ते केसाच्या सबंध लांबीत होतं. माझी तीन प्रकरणं गेली होती. पण त्या क्षणी मला त्यांची आठवण झाली नाही, हे मी शपथेवर सांगते. मी सरांच्या हाताकडे बघत होते. ते मायक्रोस्कोपची धूळ नसलेली कड अंगठ्याने पुसत होते.

"माझा चुकला," ते म्हणाले. मग उठले. "त्या पोरीला फोन कर. उद्याच बोलाव. डॉक्टरांनाही ये म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी करिश्माला समजावून सांगितलं. हा जन्मजात आजार आहे. पुरता बरा होत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ छातीतला कफ काढायचे व्यायाम करायचे, ताप आला तर वेळेवर औषध, कानाची तपासणी. नीट पाळलं तर आयुष्य नीट जातं. आणि हो, हा कुणाला लागत नाही.

"लिहून?"

"लिहून देतो, शिक्क्यासकट."

ती हसली आणि मग खोकलीच, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं, मी विचारलं नाही.

मग तिची आई सरांना म्हणाली, "साहेब, आमचं मामाच्या घरातच लग्न झालंय. त्यामुळे का?"

डॉक्टर काहीतरी मऊ बोलणार होते. सरांनी त्यांना थांबवलं. "त्यामुळे शक्यता वाढते, हे खरं आहे," ते म्हणाले. "तुमच्यात या जनुकाची एक बरी प्रत आहे, एक बिघडलेली. तिच्या वडिलांमध्येही तसंच. तिला दोन्ही बिघडलेल्या आल्या. पण अशा चार-दोन बिघडलेल्या प्रती माझ्यातही आहेत, हिच्यातही आहेत. कुठल्या, ते आम्हाला माहीत नाही, इतकंच. तुम्हाला दिसत नव्हतं ते तुम्ही कसं टाळणार होतात?"

आईने पदर तोंडाला लावला. सर उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आले. मग, कुणी विचारलेलं नसताना, त्या दोघींना म्हणाले, "आणखी एक. पहिल्या वेळेला माझ्या तपासणीत तुझ्यात प्रोटीन दिसलं होतं. ते चूक होतं. मी तेच मान्य केलं असतं तर तू आज रिकाम्या हाताने गेली असतीस. हे तुला माहीत असायला हवं."

करिश्माने खांदे उडवले. "पण तुम्ही केलं नाय ना. मग झालं."

निबंध मागे घ्यायचं पत्र सरांनी स्वतः लिहिलं. सहलेखकांपैकी एक आता परदेशात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांचा फोन आला तेव्हा मी खोलीत होते. स्पीकरवर आवाज येत होता. "सर, मागे कशाला घेताय? एक छोटी दुरुस्ती छापू. दोन महिन्यांत तुम्ही रिटायर होताय. कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय ना," सर म्हणाले.

"पण सर, माझंही नाव आहे त्याच्यावर."

"हो रे. त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पत्रात मी लिहिलंय की ते प्रयोग माझे होते, नजर माझी होती. तुझा त्यात दोष नाही. पण पत्र जाणार."

पत्र गेलं. व्हरांड्यातला फोटो काढून टाकावा असं विभागाने ठरवलं तर सरांनी काढू दिला नाही. त्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली: 'हिरवा ठिपका चुकीचा आहे. कसा, ते विचारायला आत या.' पहिल्या वर्षाची मुलं खरंच आत यायची. सर त्यांना करिश्माचं नाव न सांगता सगळं सांगायचे, न कंटाळता, प्रत्येक वेळी पहिल्यापासून.

काही जण हसलेही. निवृत्त होताना म्हातारा सत्यवादी झाला, असं मी कँटीनमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकलंय. निरोप समारंभ लहानसाच झाला. ठरलेले पाहुणे आले नाहीत. सर पाच मिनिटं बोलले, काकूंचे आभार मानले, आणि उरलेले समोसे लॅबच्या मुलांना बांधून दिले.

माझी परदेशातली जागा गेली. त्यांनी सहा महिने वाट पाहिली, मग दुसरीला घेतली. प्रबंध पुन्हा लिहायला दोन वर्षं लागली. ते प्रोटीन केसाच्या सबंध लांबीत कसं पोचतं, यावर. सर निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून तीनदा बोरिवलीहून यायचे, माझी पट्टी बघायला. करिश्मा भरतीला बसलीच नाही. घाटकोपरला एका तपासणी केंद्राच्या काउंटरवर लागली. खोकला आला की समोरच्याला आधीच सांगते, "घाबरू नका हां, हा माझा एकटीचा आहे."

मी तिच्यासारखी मोकळी नव्हते. माझ्या मनात राग होता. तो सरांवर होता, आणि सर चुकीचे नव्हते हे कळत असल्यामुळे तो कुठे ठेवावा हे मला कळत नव्हतं. त्याबद्दल मी कधी बोलले नाही. सरही माझ्यापाशी कधी बोलले नाहीत.

माझी तोंडी परीक्षा झाली त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या घराची बेल वाजली. दार बाबांनी उघडलं. बाबा महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. तीस वर्षं रस्त्यावरचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. दारात सर उभे होते, हातात पिशवी, पिशवीत अर्धा डझन बांगडे. आमच्या घरी ते कधीच आले नव्हते. चाळीच्या तीन जिन्यांनी त्यांना दम लागला होता.

मी आतून धावत आले. "सर, तुम्ही? फोन करायचा ना."

"तुझ्याकडे नाही आलो," ते म्हणाले.

ते खुर्चीवर बसले नाहीत. आई पाणी घेऊन आली तेव्हाही उभेच होते. बाबांना त्यांनी हात जोडले.

"मी हिचा गाईड. तुम्हाला माहीतच असेल. माझी जुनी चूक निघाली आणि त्यात तुमच्या मुलीची दोन वर्षं गेली. परदेशची जागा गेली. तिने तेव्हा मला थांबवायचा प्रयत्न केला होता, मी ऐकलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तरी ऐकणार नाही. पण वर्षं तिची होती, माझी नव्हती. ते तुमच्यासमोर येऊन सांगायला हवं होतं. उशीर झाला."

बाबा बोलण्यात पटाईत नाहीत. त्यांनी सरांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि आईला म्हणाले, "अगं, सर जेवून जाणार आहेत. बांगडे तिखट कर."

सर जेवले. दोन वेळा भात घेतला. आईच्या वऱ्हाडी तिखटाने त्यांचं नाक वाहायला लागलं तेव्हा रुमालाने पुसत म्हणाले, "चालू आहेत. व्यवस्थित." आई माझ्याकडे बघायला लागली, काय चालू आहे म्हणून.

ते गेल्यावर बाबा खिडकीत जाऊन उभे राहिले. सर खाली रिक्षावाल्याला समजावत होते की बोरिवलीला जायचं तर भांडुपवरून नको.

"मी नोकरीत लई साहेब पाहिले," बाबा म्हणाले. "चुकीचा व्हॉल्व्ह उघडायला सांगायचे, पाणी भलत्या गल्लीत जायचं आणि मेमो मला यायचा. चूक झाली म्हणून घरी आलेला हा पहिला."

मी चपला न घालता तीन जिने उतरले. रिक्षा निघाली होती. मी हाक मारली तशी ती पुढे जाऊन थांबली आणि सरांनी मान बाहेर काढली.

"काय गो? काय रवला?"

काहीतरी मोठं बोलायला मी धावले होते. ते तोंडात आलंच नाही.

"पुढच्या रविवारी पण या," मी म्हणाले. "काकूंना घेऊन या."

"येतंय मगे," सर म्हणाले. आणि त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे बोट दाखवलं. "आधी वर जा. पाय भाजतले."